दर्शन आणि अंतर

मनुष्याच्या सर्व क्रियांमध्ये पाहणे ही सर्वांत निरुपद्रवी क्रिया होय, अशी आपली एक जुनी समजूत आहे. खाणाऱ्याला अन्न संपवावे लागते, घेणाऱ्याला दुसऱ्याच्या हातून वस्तू काढून घ्यावी लागते; पाहणारा मात्र पाहिलेल्या वस्तूतून काहीच उणे करीत नाही. पौर्णिमेचा चंद्र लाखांनी पाहिला तरी तो तेवढाच राहतो. सौंदर्याच्या आस्वादाला व्यावहारिक हिशेबांपासून मुक्त ठेवणारी जी विचारपरंपरा पाश्चात्त्य आणि भारतीय अशा दोन्ही साहित्यशास्त्रांत घडत गेली, तिच्या मुळाशी बव्हंशी हीच समजूत आहे. ती कोठवर टिकते हे तपासण्यासाठी आजच्या जगात एक विलक्षण उदाहरण उपलब्ध झाले आहे. ते आहे ध्रुवप्रदेशातील बर्फ आणि तेथील प्राणिजीवन पाहण्यासाठी निघणाऱ्या पर्यटननौकांचे, म्हणजेच ज्यांना ‘एक्स्पिडिशन क्रूझ’ असे म्हटले जाते त्या प्रवासांचे.

या प्रवासांचा व्याप गेल्या तीन दशकांत किती वाढला हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी अंटार्क्टिकाला एका हंगामात सहासात हजार पर्यटक जात असत. २०२३-२४ च्या हंगामात ही संख्या एक लाख वीस हजारांच्या पुढे गेली. त्यांतील सुमारे एक तृतीयांश लोक किनाऱ्यावर पाऊलही न ठेवता नौकेवरूनच पाहून परतले. बहुतेक नौका अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकावरील उश्वाया या बंदरातून निघतात आणि ड्रेक सामुद्रधुनीच्या खवळलेल्या पाण्यातून दोन दिवसांत अंटार्क्टिक द्वीपकल्पाशी पोहोचतात. मुंबई-पुण्याच्या पर्यटनसंस्थांच्या जाहिरातींतही आता हे नाव दिसते. कित्येक लाख रुपये खर्चून तेथे जाणाऱ्याला तेथून काही आणायचे नसते. दगड, पीस, हाड यांपैकी काहीही उचलण्यास मनाई आहे. त्याला केवळ पाहायचे असते. म्हणूनच शुद्ध पाहण्याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण आहे.

या शुद्धतेला एक इतिहास आहे आणि तो मुळीच शुद्ध नाही. दक्षिण अटलांटिक महासागरातील साऊथ जॉर्जिया बेटावर ग्रित्विकेन हे देवमाशांच्या शिकारीचे केंद्र १९०४ साली नॉर्वेचा कप्तान कार्ल आंतोन लार्सेन याने उभारले. तेव्हापासून १९६५ पर्यंत या बेटाच्या परिसरात मारल्या गेलेल्या देवमाशांची संख्या सुमारे पावणेदोन लाख भरते. त्यांच्या चरबीचे तेल युरोपातील साबणात आणि खाद्यपदार्थांत गेले. देवमासे विरळ झाले, धंदा परवडेनासा झाला आणि १९६६ साली ग्रित्विकेन ओस पडले. त्याच १९६६ च्या आरंभी स्वीडनमध्ये जन्मलेला अमेरिकन प्रवासव्यावसायिक लार्स-एरिक लिंडब्लाड याने पर्यटकांची एक तुकडी अंटार्क्टिकाला नेली. आजच्या मोहीमवजा पर्यटनाचा प्रारंभ या प्रवासापासून मानला जातो. एकाच वर्षी एका धंद्याने तेथून काढता पाय घेतला आणि दुसऱ्याने तेथे पाऊल ठेवले. पहिल्याला तेल हवे होते, दुसऱ्याला दृश्य. आज ग्रित्विकेनच्या गंजलेल्या भट्ट्या हादेखील दृश्याचाच एक भाग झाला आहे.

मारण्यापेक्षा पाहणे बरे, यात वाद नाही. पर्यटनव्यावसायिकांनी १९९१ साली आपली संघटना स्थापून स्वतःवर घालून घेतलेली बंधनेही दुर्लक्षिण्याजोगी नाहीत. पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या नौकेने कोणालाही किनाऱ्यावर उतरवायचे नाही. एका ठिकाणी एका वेळी शंभरांपेक्षा अधिक माणसे उतरवायची नाहीत. उतरण्यापूर्वी बूट जंतुनाशकाने धुवायचे आणि खिशांत, शिवणींत अडकलेले बी-बियाणे वेचून काढायचे. पेंग्विनपासून किमान पाच मीटर दूर राहायचे, आणि पक्षी वाटेत आला तर वाट त्याची समजायची. पाहणाऱ्याच्या आचाराचे इतके तपशीलवार विधिनियम देवळांच्या बाहेर क्वचितच आढळतील.

या नियमांच्या केंद्रस्थानी ‘अंतर’ ही कल्पना आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकाला ती चांगली परिचित आहे. एडवर्ड बुलो याने १९१२ साली मानसिक अंतराचा आपला प्रसिद्ध सिद्धांत मांडला तेव्हा उदाहरण घेतले ते समुद्रावरील धुक्याचे. नौकेतील प्रवाशाला धुके म्हणजे भय, विलंब, चिंता. पण या व्यावहारिक चिंतेपासून क्षणभर मन अलग झाले तर तेच धुके अपूर्व आस्वादाचा विषय होते. याच संदर्भात त्याने अंतराविषयी एक विरोधाभासही सांगितला. अंतर जितके कमी तितका आस्वाद उत्कट. मात्र ते अजिबात नाहीसे झाले तर आस्वादच संपतो. पाच मीटरवर उभा असलेला पर्यटक जणू या सूत्राची अक्षरशः अंमलबजावणी करीत असतो. शक्य तितके जवळ, पण स्पर्श न होईल इतके दूर.

तथापि बुलोचे अंतर एकतर्फी आहे. पाहणाऱ्याच्या मनात काय घडते एवढाच त्याचा विषय. धुक्याला काय वाटते हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. आपल्याकडे अभिनवगुप्ताने भयानक रसाच्या संदर्भात शाकुंतलाच्या पहिल्या अंकातील पळणाऱ्या हरिणाचा दाखला दिला आहे. दुष्यंताचा रथ मागे लागलेला आहे, हरीण मान वळवून पाहत पळत आहे. आणि प्रेक्षकाला जे भय जाणवते ते ना त्याचे स्वतःचे असते, ना त्या विशिष्ट हरिणाचे. ते देश, काल आणि व्यक्ती यांच्या बंधनातून सुटलेले, साधारणीकृत झालेले भय असते, म्हणूनच ते आस्वाद्य होते. या सिद्धांताची एक पूर्वअट आपण सहसा उच्चारीत नाही, इतकी ती उघड आहे. रंगभूमीवर हरीण नसते. प्रेक्षक आला काय, न आला काय, कोणत्याही हरिणाच्या काळजाचा ठोका चुकत नाही.

ध्रुवप्रदेशात हरीण खरे आहे. माणूस जवळ आल्यावर पेंग्विन बाहेरून निश्चल दिसला तरी त्याच्या हृदयाचे ठोके वाढलेले असू शकतात, हे संशोधकांनी मोजून पाहिले आहे. २०१८ च्या जुलैमध्ये नॉर्वेच्या स्वालबार द्वीपसमूहात एका पर्यटननौकेचे रक्षक प्रवाशांना उतरवण्यापूर्वी किनारा निर्धोक आहे ना हे पाहण्यासाठी पुढे गेले. तेथे असलेल्या ध्रुवीय अस्वलाने एकावर झडप घातली आणि सहकाऱ्यांनी त्या अस्वलाला गोळी घातली. रक्षकाचा जीव वाचवणे आवश्यक होते, यात शंका नाही. पण तो तेथे होता तो अस्वलांचा प्रदेश पाहू इच्छिणाऱ्यांच्या सोयीसाठी. जानेवारी २०२५ पासून स्वालबारमध्ये अस्वलापासून किमान तीनशे मीटर, आणि मार्च ते जून या काळात पाचशे मीटर अंतर राखणे कायद्याने बंधनकारक झाले आहे. पाहण्याच्या अतिरेकावर पाहण्याचाच संकोच हा उपाय शोधावा लागला आहे.

प्राण्यांपुरते हे अंतर वाढवता येईल. बर्फाच्या बाबतीत तेही शक्य नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासाच्या अंदाजानुसार २०१६ ते २०२० या काळात अंटार्क्टिकाला गेलेल्या प्रत्येक पर्यटकामागे सुमारे ८३ टन हिमाच्या वितळण्याला गती मिळाली. याचे प्रमुख कारण नौकांच्या धुरातील काजळी. ती पांढऱ्या हिमावर बसते, हिम किंचित काळवंडते, जो सूर्यप्रकाश परावर्तित व्हायचा तो शोषला जातो आणि वितळणे वेग घेते. अतिजड इंधनतेलावर अंटार्क्टिकाच्या समुद्रात २०११ पासून बंदी आहे; तरीही कोणतेतरी इंधन जाळल्यावाचून नौका चालत नाही. लिंडब्लाडने १९६९ साली खास या प्रवासांसाठी बांधून घेतलेली नौका २३ नोव्हेंबर २००७ रोजी साऊथ शेटलंड बेटांजवळ बर्फावर आदळून बुडाली. तिच्यावरील १५४ माणसे सुदैवाने वाचली. नौका मात्र आपल्या इंधनासह त्याच समुद्राच्या तळाशी गेली, जो दाखवण्यासाठी ती जन्माला आली होती. येथे प्रेक्षक प्रेक्षागृहात बसलेला नाही. तो नाटकात आहे. निरपेक्ष आस्वादाची जी नैतिक सवलत कलेच्या प्रेक्षकाला मिळते, ती त्याला मागता येत नाही.

यावर तीन आक्षेप घेतले जातात आणि तिन्ही विचारार्ह आहेत.

पहिला असा की, जो पाहतो तोच प्रेम करतो, आणि जो प्रेम करतो तोच रक्षण करतो. परतलेला प्रत्येक प्रवासी ध्रुवप्रदेशाचा दूत होतो. यात मानवी स्वभावाचे एक सत्य आहेच. पण इतिहास काय सांगतो तेही पाहावे. अंटार्क्टिकाला लष्करापासून दूर ठेवणारा करार १९५९ साली बारा राष्ट्रांनी केला, तेव्हा आजच्या अर्थाने पर्यटन जवळजवळ अस्तित्वातच नव्हते. तेथील खनिज-उत्खननाला वाट करून देणारा करार १९८८ साली तयार झाला. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान बॉब हॉक आणि फ्रान्सचे पंतप्रधान मिशेल रोकार यांनी १९८९ साली त्यावर सही करण्यास नकार दिला, आणि त्यातून १९९१ चा माद्रिद येथील पर्यावरण-संरक्षणाचा करार जन्मला. त्यामागचे लोकमत ज्या लाखो माणसांचे होते, त्यांतील बहुतेकांनी पेंग्विन चित्रपटात आणि पुस्तकात पाहिला होता. प्रेमाला प्रत्यक्ष दर्शनाची अट असती तर हे घडले नसते. शिवाय ‘नाहीसे होण्यापूर्वी पाहून घ्या’ अशा आवाहनातून निघणारी गर्दी ही प्रेमाची आहे की घाईची, हेही तपासावे लागेल. बेलिंग्सहाउझेन समुद्राच्या मध्य आणि पूर्व भागात २०२२ साली समुद्री बर्फ वेळेआधी फुटला आणि एम्परर पेंग्विनच्या पाचांपैकी चार वसाहतींतील पिल्ले जवळजवळ निश्चितपणे दगावली असे उपग्रहचित्रांवरून दिसून आले. या बातमीने काहींच्या मनात शोक जागा होईल, काहींच्या मनात तिकिटाची चौकशी. दुसरी प्रतिक्रिया क्रूर आहे असे नव्हे. पण ती रक्षणाकडे नेते असे म्हणणे धाडसाचे ठरेल.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. ध्रुवप्रदेशातील बर्फ मुख्यतः वितळते आहे ते जगभर जळणाऱ्या कोळशाने आणि तेलाने. नागपूरच्या उन्हाळ्यात घरी बसून वातानुकूलन यंत्र चालवणारा मनुष्य कधीच अंटार्क्टिकाला गेला नाही, म्हणून तो निर्दोष ठरतो काय? अर्थातच नाही. न जाणे हे पुण्य नव्हे. तरीही दोन कृत्यांत एक भेद उरतो. वातानुकूलन यंत्र चालवणारा आपण हे हिमावरील प्रेमापोटी करतो असे म्हणत नाही. एखाद्या वस्तूवरील प्रेम हेच कारण सांगून त्या वस्तूच्या क्षयात भर घालणे, हा विसंवाद त्या विशिष्ट कृतीच्या पोटात आहे. दोषाचे प्रमाण कदाचित अल्प असेल. विसंवाद मात्र पूर्ण आहे.

तिसरा आक्षेप आपल्याला, म्हणजे भारतीयांना, सर्वांत जवळचा आहे. साठ वर्षे पाश्चात्त्य श्रीमंतांनी हे प्रदेश मनसोक्त पाहिले. आता आशियातील मध्यमवर्गाच्या हाती थोडा पैसा आला, तेव्हा संयमाचे तत्त्वज्ञान पुढे यावे हा योगायोग संशयास्पद नाही काय? ‘दूर उभे राहा’ हे वाक्य आपल्या समाजाने फार ऐकवले आहे. पंढरपूरला महाद्वाराच्या बाहेर चोखोबांची समाधी आहे. ज्या विठ्ठलाचे अभंग त्यांनी रचले त्याच्या मंदिरात त्यांना प्रवेश नव्हता. ते अंतर अन्यायाचे होते, आणि ते मिटवण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. त्याच पंढरपुरात दुसरेही एक अंतर आहे. आषाढीच्या गर्दीत शेकडो मैल चालून आलेला वारकरी पुष्कळदा गाभाऱ्यापर्यंत जात नाही. कळसाला हात जोडतो आणि माघारी फिरतो. आपली वारी अपुरी राहिली असे त्याला वाटत नाही. बाहेरून पाहता दोघेही मंदिराबाहेरच उभे आहेत. पण एकाला दुसऱ्याने थांबवले आहे आणि दुसरा स्वतः थांबला आहे. पहिल्या अंतराला नैतिक मूल्य नाही, दुसऱ्याला आहे. म्हणून ध्रुवप्रदेशापासून दूर राहण्याची आज्ञा पूर्वी जाऊन आलेल्यांनी नव्याने निघालेल्यांना द्यावी, हे मान्य होण्यासारखे नाही. बंधन घालायचे तर ते सर्वांवर आणि एकत्र बसूनच घालावे लागेल. २०२४ च्या मे महिन्यात कोची येथे भरलेल्या अंटार्क्टिक करार-राष्ट्रांच्या बैठकीत पर्यटनाच्या नियमनाची चौकट हा विषय प्रामुख्याने चर्चिला गेला. १९८३ पासून या करारात असलेल्या आणि गोव्यातील संस्थेमार्फत ध्रुवीय संशोधन चालवणाऱ्या आपल्या देशाच्या भूमीवर ही चर्चा व्हावी, हे औचित्यपूर्णच होते.

न पाहता दूरस्थ गोष्टीशी नाते जोडण्याची एक परंपरा मराठी मनाजवळही आहे, आणि तिचा ठळक नमुना ध्रुवप्रदेशाविषयीचाच आहे. लोकमान्य टिळकांचा ‘द आर्क्टिक होम इन द वेदाज’ हा ग्रंथ १९०३ साली प्रसिद्ध झाला. वेदांतील उषेच्या सूक्तांत वर्णिलेली दीर्घ पहाट ही विषुववृत्ताजवळच्या झटपट उजाडणाऱ्या सकाळीची असू शकत नाही, ती उत्तर ध्रुवाजवळची कित्येक दिवस चालणारी पहाट असली पाहिजे, या तर्कावर त्यांनी आर्यांच्या मूलस्थानाचा सिद्धांत उभारला. टिळकांनी आर्क्टिक कधीही पाहिले नाही. सहा महिन्यांची रात्र आणि क्षितिजावर फिरत राहणारी पहाट त्यांनी केवळ शब्दांतून पाहिली आणि वाचकांना दाखवली. सिद्धांत पुढे विद्वानांना मान्य झाला नाही. पण दर्शन शब्दांतून घडू शकते याचा पुरावा म्हणून हा ग्रंथ उरतोच. त्याचबरोबर तो एक इशाराही देतो. न पाहिलेल्या प्रदेशाला टिळकांनी आपल्या पूर्वजांचे घर ठरवले. तेथे शतकानुशतके राहत आलेल्या इन्युइट आणि सामी लोकांना त्या कल्पनाचित्रात स्थान नव्हते. दूर राहणाऱ्याची कल्पनाही ताबा घेऊ शकते. तेव्हा केवळ न जाण्याने नाते निर्मळ होत नाही. दूरच्या वस्तूला तिची तीच राहू देण्याची शिस्त कल्पनेलाही लावून घ्यावी लागते.

मग निर्णयाची कसोटी कोणती? माझ्या मते ती ‘पाहण्याची किंमत कोण देतो’ या प्रश्नात आहे. १९११ च्या ध्रुवीय हिवाळ्यात एडवर्ड विल्सन, हेन्री बॉवर्स आणि अॅप्सली चेरी-गॅरार्ड हे तिघे एम्परर पेंग्विनची अंडी मिळवण्यासाठी गाढ अंधारात, उणे साठ अंशांपर्यंत उतरलेल्या थंडीत पाच आठवडे चालले. त्यांनी पाच अंडी घेतली, दोन फुटली, तीन लंडनच्या संग्रहालयात पोहोचली. तीही निष्पाप यात्रा नव्हती. त्यांनी पक्षी मारले, अंडी उचलली. पण त्या दर्शनाची किंमत मुख्यतः त्यांच्या देहांनी दिली. चेरी-गॅरार्डने १९२२ साली लिहिलेल्या ग्रंथात ती किंमत पानोपानी दिसते, आणि म्हणूनच तो वाचणाऱ्या हजारोंना तेथे जाण्याची गरज उरली नाही. आपल्या यात्रापरंपरेतही पायी चालण्याला जे महत्त्व आहे ते याच कारणाने. दर्शनार्थी स्वतः झिजतो. ज्याचे दर्शन घ्यायचे तो झिजत नाही. आधुनिक पर्यटननौकेने हा क्रम उलटवला आहे. प्रवासी उबदार कक्षात बसतो, पैसे देतो, आणि झीज मात्र दृश्याच्या वाट्याला येते. पैसा ही किंमत नव्हे काय, असे कोणी विचारील. परंतु तो पैसा नौकेच्या मालकाला मिळतो; हिमाला त्यातले काही मिळत नाही.

ही कसोटी सर्वांना सारखीच लागू आहे. संशोधकांची केंद्रेही इंधन जाळतात आणि जमीन व्यापतात. भारताच्या ‘मैत्री’ आणि ‘भारती’ याही त्याला अपवाद नाहीत. फरक इतकाच की संशोधकाला आपल्या उपस्थितीचा हिशेब द्यावा लागतो: काय शोधले, कोणाच्या उपयोगी पडले, तेथेच जाऊन का शोधावे लागले. प्रेक्षकाकडे असा हिशेब कोणी मागत नाही, म्हणून तो त्याने स्वतःशी मांडणे भाग आहे. ज्याच्या पाहण्यातून इतरांचे पाहणे अनावश्यक होईल, असा चित्रकार, छायाचित्रकार, लेखक कदाचित त्या हिशेबात उत्तीर्ण होईल. ज्याला केवळ स्वतःच्या अनुभवात एक भर हवी आहे, त्याने कळसाला हात जोडून परतावे हे अधिक उचित. हा त्याग दुसऱ्यावर लादता येणार नाही, आणि तो करणाऱ्याला थोरवीही मिळणार नाही. जे आपल्याला कधीच दिसणार नाही ते असावे, धडधाकट असावे, अशी इच्छा धरणे एवढाच त्याचा अर्थ.

जून महिन्यात दक्षिण ध्रुवाकडे कोणतीही पर्यटननौका जात नाही. समुद्र गोठलेला असतो आणि सूर्य दिसत नाही. त्या अंधारात एम्परर पेंग्विनचे नर पायांवर अंडे धरून, अन्नावाचून, सुमारे दोन महिने एकमेकांना खेटून उभे असतात. बाहेरच्या रांगेतले हळूहळू आत सरकतात, आतले बाहेर येतात. हे सर्व कोणी पाहत नसताना, आजवरच्या असंख्य हिवाळ्यांत घडत आले आहे.